परदेशी शिक्षण आणि बरोबर जाणारी जात



ज्या वस्तीत एकेकाळी मॅट्रिक पास झालेला मुलगा दाखवायला मिळत नसे, त्या वस्तीतून आज मुली लंडनला एम. एस्सी. करावयास जात आहेत. विहारात पेढे वाटले जातात, विमानतळावर पोहोचवायला अर्धी आळी गाडी करून जाते. हे सर्व योग्यच आहे. परंतु निरोपाच्या वेळी एक वाक्य हमखास कानावर येते: "सुटलं बाबा पोरगं एकदाचं! तिकडं जातपात कुणी विचारत नाही."

हा पाठ त्या एका वाक्याविषयी आहे. ते वाक्य अर्धे खरे आहे, आणि अर्ध्या खऱ्यावर विसंबून मुलाला सातासमुद्रापार पाठविणे बरे नव्हे.

अर्धे खरे कसे, ते परमपूज्य बाबासाहेबांच्याच परदेशी शिक्षणातून पाहू. १९१३ च्या जुलै महिन्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला पोहोचले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली होती. कोलंबिया विद्यापीठात सेलिग्मन, ड्यूई यांच्यासारखे गुरू त्यांना लाभले. १९१५ साली त्यांनी एम. ए. केले. वसतिगृहात नवल भथेना हा पारशी तरुण त्यांचा सोबती होता; ती मैत्री पुढेही टिकली. १९१६ मध्ये ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परत यावे लागले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत ते सांगतात, की युरोप-अमेरिकेतील वास्तव्यामुळे आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच त्यांच्या मनातून पार पुसून गेली होती.

इथवरचा भाग जयंतीच्या भाषणांतून आपण पुष्कळदा ऐकतो. पण ही आठवण बाबासाहेबांनी परदेशाची वाखाणणी करण्यासाठी लिहिलेली नाही. त्यापुढे बडोद्याच्या स्टेशनावर काय घडले, ते सांगण्यासाठी लिहिली आहे.

शिष्यवृत्तीच्या कराराप्रमाणे संस्थानची नोकरी करण्यासाठी ते बडोद्यास उतरले. सामान घेऊन जावयाचे कोठे? हिंदूंची हॉटेले जात लपविल्याशिवाय घेणार नाहीत. आणि लपविले तर ते आज ना उद्या उघडकीस येणारच. तेव्हा त्यांच्या मनात आले, की अमेरिकेत शिकून आलेले काही मित्र याच शहरात आहेत. त्यांच्याकडे जावे काय? ते आपल्याला घरात घेतील काय? खात्री वाटेना. अस्पृश्याला घरी ठेवून घेताना त्यांची पंचाईत होईल, असे बाबासाहेबांना वाटले. स्टेशनाच्या छपराखाली ते बराच वेळ उभे राहिले.

वाचकहो, येथे आपणही थोडे उभे राहू. हे मित्र कोण होते? गावचे अडाणी भिक्षुक नव्हेत. बाबासाहेबांप्रमाणेच आगबोटीने अमेरिकेला जाऊन, तेथे शिकून आलेले सुशिक्षित लोक होते. ते दुष्ट होते असेही बाबासाहेब म्हणत नाहीत. ते एवढेच म्हणतात, की त्यांच्या दारात जाण्याची खात्री आपल्याला वाटली नाही. आता दुसरी बाजू पाहा. त्याच शिष्यवृत्तीवर शिकून आलेला एखादा सवर्ण पदवीधर त्याच गाडीतून उतरला असता, तर 'सामान घेऊन जाऊ कोठे' हा प्रश्न त्याला पडला असता काय? त्याने सरळ टांगा केला असता. इंग्रजीत ज्याला प्रिव्हिलेज म्हणतात, ज्याला आपण विशेषाधिकार म्हणू, तो हाच. तो कोणत्याही सनदेवर लिहिलेला नसतो. काही माणसांना आयुष्यात काही प्रश्न कधी पडतच नाहीत, आणि न पडल्यामुळे ते प्रश्न आहेत हेही त्यांना ठाऊक नसते.

पुढची हकीगत आपल्याला माहीत आहेच. पारशी खानावळीत पारशी नाव नोंदवून राहणे, अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेले डझनभर पारशी, संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम. मग दोन मित्रांकडे विचारणा. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण; तो म्हणाला, पत्नी उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो. कामाठी बागेत बसून बाबासाहेबांनी वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली.

म्हणजे त्यांच्या वेळी परदेशात जात दिसली नाही, आणि परतल्यावर स्टेशनावरच उभी राहिली. मग आज ती परदेशातच का भेटावी? याचे उत्तरही बाबासाहेबांनीच विद्यार्थिदशेत देऊन ठेवले आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात, मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. त्या वेळी त्यांचे वय पंचवीस होते. त्यात एक मुद्दा असा आहे, की जात एकटी कधी असूच शकत नाही. जाती नेहमी अनेक असतात, एकीच्या आधाराने दुसरी उभी असते. आणि दुसरा मुद्दा असा, की हिंदू लोक पृथ्वीच्या इतर भागांत जाऊन राहू लागले तर जात हा साऱ्या जगाचा प्रश्न होईल. हे दुसरे भाकीत मुळात श्रीधर व्यंकटेश केतकरांचे. होय, ज्ञानकोशकार केतकरच! तेही अमेरिकेत, कॉर्नेल विद्यापीठात शिकले होते आणि त्यांचा जातींवरील इंग्रजी ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध झाला होता. बाबासाहेबांनी त्यांचा हवाला देऊनच ते मांडले आहे.

दोन्ही मुद्दे एकत्र वाचा म्हणजे उलगडा होईल. १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये भारतीय विद्यार्थी मूठभर होते. मूठभरांत जात पाळायची कोणी आणि कोणापुढे? २०२३-२४ या शैक्षणिक वर्षात एकट्या अमेरिकेत ३ लाख ३१ हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी होते. आता तेथे भारतीयांची घरे आहेत, किराणा दुकाने आहेत, देवळे आहेत, भाषावार मंडळे आहेत. जातीला जे जे लागते ते सर्व तेथे जमा झाले आहे.

या जाणाऱ्यांत आपण किती? २००३ सालच्या एका पाहणीवरून अमेरिकेतील अभ्यासकांनी असा अंदाज काढला, की तेथील भारतीय स्थलांतरितांत दलित व खालच्या समजल्या गेलेल्या जातींचे लोक अवघे दीड टक्का, तर नव्वद टक्क्यांहून अधिक लोक उच्च वा वरचढ जातींतील. आकडा जुना आहे. मध्यंतरी आपली मुले वाढली असतील. तरीही शंभर भारतीयांच्या मेळ्यात आपला विद्यार्थी एकटा किंवा दुकटा असणार, हे गृहीत धरून चालावे.

परदेशी विद्यापीठे 'विविधता' हा शब्द फार वापरतात. माहितीपुस्तकाच्या मुखपृष्ठावर गोरा, काळा, चिनी आणि भारतीय असे हसरे चेहरे एका रांगेत छापलेले असतात. हेतू चांगलाच आहे. पण त्या हिशेबात सारे भारतीय मिळून एकच रकाना असतो. पंचवीस भारतीय आले म्हणजे विविधता वाढली, असे विद्यापीठ मानते. ते पंचवीस कोणकोणत्या घरांतून आले, त्यांत कोणाचे आजोबा कलेक्टर होते आणि कोणाचे आजोबा मेलेली ढोरे ओढीत होते, हे कोणी पाहत नाही. पाहणार तरी कसे? तेथील अधिकाऱ्याला कातडीचा रंग दिसतो, पासपोर्ट दिसतो, जात दिसत नाही. जात फक्त दुसऱ्या भारतीयाला दिसते.

आणि त्याला ती कशी दिसते, हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. "जात कोणती?" असे सहसा कोणी विचारीत नाही. आडनाव विचारतात, आडनावावरून अंदाज लागला नाही, तर मूळ गाव, मग गावात घर कोणत्या भागात. "तू शाकाहारी आहेस का?" हा प्रश्न खाण्यापुरता असू शकतो, आणि तेवढ्यापुरता नसूही शकतो. आय. आय. टी. वगैरे संस्थांतून आलेल्यांना "प्रवेशपरीक्षेत तुझा क्रमांक कितवा?" असे विचारतात, त्यातून राखीव जागा काढता येते. पाठीवर प्रेमाने थाप मारून खांद्यावर जानवे लागते का, हे चाचपण्याची रीतही आहे.

आमच्या शाळेतून शिकून गेलेल्या एका मुलीची हकीगत तिच्या व तिच्या आईच्या संमतीने सांगतो. नावगाव सांगत नाही. ती एका वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी ब्रिटनमध्ये गेली. पाच भारतीय मुलींनी मिळून एक घर भाड्याने घेतले, स्वयंपाकघर सामाईक. पहिला महिना बरा गेला. एका संध्याकाळी आईशी बोलणे चालू असता आईने विचारले, "भिंतीला बाबासाहेबांचा न् भगवंतांचा फोटो लावलास का गं?" शेजारच्या खुर्चीतील मुलीने ते ऐकले. दुसऱ्या दिवशी तिने हसतच विचारले, "म्हणजे तुम्ही त्यांतले का?"

यानंतर भांडण वगैरे काही झाले नाही. फ्रीजमधला एक खण तिच्यासाठी वेगळा करण्यात आला, "तू नॉनव्हेज ठेवतेस ना, म्हणून." कोंबडी खाणारी आणखी एक मुलगी त्या घरात होती, तिचा डबा मात्र सर्वांच्या डब्यांबरोबरच राहिला. घरातल्या निरोपांसाठी मोबाइलवर पाचजणींचा गट होता. तो ओस पडला, कारण चौघींनी दुसरा काढला होता. दिवाळीला चौघी मिळून बाहेर गेल्या. ही खोलीत अभ्यास करीत बसली. मला फोनवर म्हणाली, "कुणी काही बोलतच नाही सर, मग तक्रार तरी काय म्हणून करू?"

तरीही ती विद्यापीठाच्या विद्यार्थी साहाय्य कार्यालयात गेली. तेथील बाई चांगल्या होत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, त्या मुलींचा देश वेगळा आहे का? नाही. वर्ण वेगळा? नाही. भाषा? दोघी तर मराठीच. अर्जावर वंश, धर्म, लिंग, वय, अपंगत्व असे रकाने होते. हिने 'इतर' वर खूण केली. बाईंनी घर बदलण्यास मदत करू असे सांगितले. जानेवारीत ती दुसऱ्या घरी राहावयास गेली आणि करार वर्षाचा असल्यामुळे आधीच्या घराची अनामत बुडाली. ही अनामत तिच्या आईने बचत गटातून कर्ज काढून दिलेली होती. घर सोडले कोणी, तर हिने. पैसे कोणाचे गेले, तर हिचे. ज्यांनी खण वेगळा केला त्यांचे काहीच गेले नाही.

ते दोन फोटो तोवर पेटीत कपड्यांच्या घडीखाली होते. आईने मला विचारले, "सर, फोटो बरोबर दिला हे चुकलं का माझं?" मी म्हणालो, नाही. पण नुसते नाही म्हणून भागत नाही. फोटो लावावा की नाही, आडनाव सांगावे की नाही, हे तेथे रोज राहणाऱ्या मुलीने ठरवावयाचे आहे. इथे घरात बसून "लपवू नकोस, ताठ मानेने राहा" असे बजावणे आपल्याला सोपे आहे. काही मुले सांगतात, काही सांगत नाहीत. न सांगणाऱ्याला भित्रा म्हणू नका. स्टेशनाच्या छपराखाली उभे राहून काय विचार करावा लागतो, हे आपण वर वाचलेच आहे.

त्या कार्यालयातील बाईंनाही एकट्यांना दोष देता येत नाही. ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात जातीचा समावेश वंशाच्या व्याख्येत करण्याची तरतूद ठेवली होती, आणि २०१३ साली संसदेने तसे करणे सरकारवर बंधनकारकही केले. सरकारने ते टाळत नेले आणि २०१८ मध्ये जाहीर केले, की स्वतंत्र कायदा करणार नाही, न्यायालयांचे निर्णय पुरेसे आहेत. एका घरकामगार स्त्रीच्या प्रकरणात २०१४ साली तेथील अपील न्यायाधिकरणाने म्हटले होते, की जातीवरून होणारा भेदभाव काही वेळा 'वांशिक मूळ' या शब्दांत बसू शकतो. म्हणून ब्रिटनमध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्याने तक्रार करताना 'इतर' मध्ये न टाकता वंशाच्या रकान्यात टाकावी आणि जन्म, कूळ व वांशिक मूळ हे शब्द वापरावेत. शब्दाची जागा बदलली की अर्जाची वाट बदलते.

अमेरिकेत गोष्ट थोडी पुढे गेली आहे. तेथील १९६४ च्या नागरी हक्क कायद्यात वंश, वर्ण, राष्ट्रीय मूळ अशी नावे आहेत, जातीचे नाव नाही. पण विद्यापीठे आपल्या नियमांत भर घालू शकतात. मॅसॅच्युसेट्स राज्यातील ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ च्या डिसेंबरात भेदभावविरोधी धोरणात जातीचा प्रथम समावेश केला. हे विद्यापीठ ज्यू समाजाने १९४८ साली स्थापले, आणि ज्यूंच्या मुलांना मोठमोठी विद्यापीठे मोजूनमापून प्रवेश देत असत, त्या काळाची आठवण त्यामागे होती. ज्याच्या पायाला काटा रुतला आहे त्याला दुसऱ्याचे लंगडणे लवकर समजते! २०२२ च्या जानेवारीत कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाने आपल्या तेवीसही शाखांना हा नियम लागू केला. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्राउन विद्यापीठाने केला. सिएटल शहराच्या नगरपरिषदेने २१ फेब्रुवारी २०२३ रोजी शहरापुरता कायदाच केला. तो मांडणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, ब्राह्मण कुटुंबातील आहेत. तेव्हा सगळे सवर्ण एका तागडीत तोलू नका. परदेशात स्वतः रंगावरून हिणवले गेल्यामुळे ज्यांचे डोळे उघडले, असेही काही असतात. असा मित्र भेटला तर त्याला दूर लोटू नये.

विरोधही झाला, आणि तो करणारे बहुतेक भारतीयच होते. कॅलिफोर्निया स्टेटच्या नियमाविरुद्ध भारतीय वंशाचे दोन प्राध्यापक न्यायालयात गेले. त्यांना यश आले नाही. परंतु कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळाने जातिभेदाविरुद्ध मंजूर केलेले विधेयक तेथील राज्यपालांनी २०२३ च्या ऑक्टोबरात सही न करता परत पाठविले. कारण असे दिले, की सध्याच्या कायद्यांतच हे येते, वेगळ्या शब्दाची गरज नाही. विरोधकांचेही म्हणणे असे, की जातीचे नाव घेतल्याने एकाच समाजाकडे बोट दाखविले जाते. यावर माझे मत सांगतो. नियमात 'जात' हा शब्द घातला म्हणजे तो सर्वांचे रक्षण करतो. एखाद्या ब्राह्मणाच्या मुलाला कोणी जातीवरून छळले तरी त्यालाही तो उपयोगी पडेल. ज्याला जातीवरून कोणाला छळावयाचे नाही, त्याचे त्या शब्दाने काय बिघडते? आणि शब्द नसला म्हणजे काय होते, ते आपण त्या 'इतर' च्या रकान्यात पाहिले.

एक इशारा. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी विविधता व समावेशनाच्या कार्यक्रमांविरुद्ध आदेश काढले. त्यानंतर अनेक विद्यापीठांनी ती कार्यालये बंद केली किंवा त्यांची नावे बदलली. म्हणून जुन्या माहितीपुस्तकावर विसंबू नका. प्रवेशाचे पत्र आले, की त्या विद्यापीठाचे भेदभावविरोधी धोरण काढून वाचा, त्यात जात हा शब्द आहे की नाही ते पाहा आणि तक्रार कोणाकडे करावयाची त्याचे नाव-पत्ता टिपून ठेवा. हे काम आईवडिलांना जमणार नाही असे नाही. मुलाकडून वाचून घ्या आणि समजेपर्यंत विचारा.

आता जरा कडू बोलतो. आपल्या मुलांना तेथे गोऱ्यांकडूनही भेदभाव भोगावा लागेल. उच्चारावरून हसणे, बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहणे, घरमालकाने आवाज ऐकताच "खोली गेली" म्हणणे. तेव्हा हा रंगाचा भेद, आणि तो घरातल्या खणाचा जातीचा भेद, हे वेगळे ओळखता आले पाहिजेत, कारण दोन्हींच्या तक्रारीचे शब्द वेगळे आहेत. पण आपली मुले स्वतः काळ्या लोकांशी कशी वागतात? "काळ्यांच्या वस्तीत घर घेऊ नकोस हो!" हा उपदेश आपल्याही घरांतून फोनवरून जातो. सून गोरी हवी, असे आपणही म्हणतो. कोलंबिया विद्यापीठाला लागूनच हार्लेम ही काळ्या लोकांची प्रसिद्ध वस्ती आहे. १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांचे थोर पुढारी ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. आपण त्यांच्या प्रश्नाचे अभ्यासक आहोत, अस्पृश्यांची आणि त्यांची स्थिती फार मिळतीजुळती आहे, असे त्यात कळविले आणि संयुक्त राष्ट्रांकडे त्यांच्या संघटनेने केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या. ड्यू बॉइस यांनी आस्थेने उत्तर दिले. १९७२ साली आपल्या तरुणांनी 'पँथर' हे नाव घेतले, तेही तिकडूनच. वासेट्ठसुत्तात भगवंत सांगतात, की गवत, झाडे, किडे, पक्षी यांच्यात जन्मतः वेगवेगळ्या खुणा असतात, तशी माणसामाणसांत नसते. ते आपण विहारात ऐकतो, आणि बाहेर येऊन "काळे लोक" म्हणून नाक मुरडतो!

शेवटी पैशांचे. दोन शिष्यवृत्त्या सर्वांना माहीत असाव्यात. पहिली केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्ती. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत, वय पस्तिसाच्या आत, पदवीला किमान साठ टक्के गुण, अशा तिच्या अटी आहेत. दुसरी महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती, अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी, ७५ जागांची. तिचे काम पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयातून चालते. बाबासाहेब १९२० साली अपुरा अभ्यास पुरा करावयास पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा त्यांना शाहू महाराजांनी आणि त्याच नवल भथेनांनी पैशांचे साहाय्य केले होते, याची येथे आठवण ठेवावी. केंद्राच्या यादीत बौद्धांचा समावेश १९९० साली झाला. त्यापूर्वी धर्मांतरित कुटुंबांना केंद्राच्या सवलती बंद होत्या. आजही दाखल्यावर धर्म व मूळ जात यांची नोंद नीट नसल्यामुळे अर्ज अडकतात. तेव्हा दाखला मुलगा बारावीत असतानाच तपासून घ्या, व्हिसाच्या घाईत नव्हे.

अटी दरवर्षी बदलतात, म्हणून चालू वर्षाची नियमावली स्वतः वाचा. २०२२ साली केंद्राने असा नियम घातला, की भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास व समाजशास्त्रीय अभ्यास या विषयांसाठी ही परदेशी शिष्यवृत्ती मिळणार नाही. म्हणजे 'भारतातील जाती' या विषयाचा अभ्यास करण्यासाठी पंचवीस वर्षांचा एखादा तरुण कोलंबियाला निघाला, तर त्या नियमाप्रमाणे त्याचा अर्ज बाद! २०२५ साली तर निवड झालेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला ४० जणांनाच पत्रे मिळाली. बाकीच्यांना निधी उपलब्ध झाल्यास कळवू, असे सांगून ताटकळत ठेवले. अशा वेळी कुटुंबाने एकट्याने खेटे घालू नयेत. विहाराच्या समितीने पाठपुरावा करावा, आमदार-खासदारांना पत्रे द्यावीत.

आणि समितीला आणखी एक सुचवितो. परदेशाहून शिकून आलेल्या मुलामुलींचा आपण सत्कार करतो, शाल देतो, हार घालतो आणि लगेच विचारतो, "पगार किती?" पुढच्या खेपेस हार घालून झाला, की त्यांना अर्धा तास बोलू द्या. घर कोणाबरोबर घेतले, स्वयंपाक कसा केला, मित्र कोण होते, तक्रार करण्याची वेळ आली का, आली तर कोणत्या शब्दांत केली, हे जाणाऱ्या मुलांच्या आईवडिलांना त्यांच्या तोंडून ऐकू द्या. पगार त्यानंतर विचारावा.